आधी भाडं सांगा

उत्तमभाऊ खंडारे माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधारकार्डाच्या तीन झेरॉक्स मागितल्या. मी तीन हातात ठेवल्या. त्यांनी मोजल्या, मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "चौथी कुठं हाय?"

"तीनच काढल्या काका."

"मशीनचा आवाज चारदा आला."

चौथी खरंच होती. काळी पडली म्हणून मी ती खालच्या टोपलीत टाकली होती. ती काढून दिली. त्यांनी तिची बारीक घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. "माझा नंबर हाय ताई याच्यावर. टोपलीतून कुठं जाईन, तुमाले काय माहीत?" मला राग आला, पण बोलणं बिनतोड होतं. त्याच दिवशी वहीत नोंद केली: खराब प्रत गिऱ्हाइकासमोर फाडायची. आजही फाडते.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान खामगावात बाजाराच्या रस्त्यावर आहे. समोर रस्ता ओलांडला की एका बँकेचं एटीएम. मला याद्या करायची सवय आहे. कुठल्या अर्जाला कुठले कागद लागतात ते भिंतीवर लावलेलं असतं, शेजारी दरपत्रक. उत्तमभाऊंनी ते वरून खालपर्यंत वाचलं. "भाडेपत्रक लावलं, हे बरं केलं," म्हणाले. मग दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं आणि पायऱ्या उतरले.

तीसेक वर्षं ते बसवर कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. निवृत्त झाले तेव्हा पंच, पेटी आणि बिल्ला जमा केला, घंटी मात्र अंगात राहिली. कुठल्याही घरातून निघताना ते दोनदा ठोकत. नोटा उभी घडी करून बोटांच्या बेचक्यात धरत. कुठेही शिरले की आधी माणसं मोजत. माझ्या दुकानात गर्दी असली तर दारातूनच पुटपुटत, "पाच बसेल, तीन उभे," आणि मगच पाय आत टाकत.

त्यांचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. "आधी भाडं सांगा." न्हाव्याच्या खुर्चीत टेकण्याआधी, डॉक्टरांनी नाडीला हात लावण्याआधी, गॅसची शेगडी दुरुस्तीला देण्याआधी ते हेच म्हणत. भाडं जास्त असलं तरी बहुतेक वेळा कुरकुर न करता देत. भाडं मागाहून सांगणाऱ्यावर मात्र त्यांचा कायमचा संशय बसे.

मलकापूरला पुतणीचं लग्न होतं, तेव्हाचा किस्सा त्यांच्या घरचेच सांगत. जेवणाचा ठेका ताटावर होता. ताटं फुगवून सांगतात, हे उत्तमभाऊंचं ठाम मत. ते मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आकडा घातलेली चिठ्ठी देऊ लागले. नवरीची आई रडकुंडीला आली. "भाऊजी, लग्न हाय का गाडी सोडून राह्यले तुम्ही?" शेवटी ठेकेदाराचा आकडा आणि यांचा आकडा तंतोतंत जुळला. दुसरा माणूस खूश झाला असता. हे मात्र संध्याकाळपर्यंत अस्वस्थ. "एकाचाही फरक नाही? इतका कसा जुळला बे?"

हसण्यासारखं पुष्कळ होतं. ज्या गोष्टीवर हसता येत नाही, ती आता सांगते.

माझ्या दुकानामागच्या गल्लीत वच्छलाबाई राहत. वय सत्तरीच्या पुढचं, नवरा कधीचाच गेलेला. त्यांना निराधारांचं अनुदान मिळे. त्याला त्या पगार म्हणत. हा पगार एखाद्या महिन्यात पहिल्या आठवड्यात येई, एखाद्या महिन्यात विसाव्या तारखेनंतर, कधी दोन महिन्यांचा मिळून. म्हणून त्या रोज सकाळी आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, कार्ड रुमालात गुंडाळून समोरच्या एटीएमवर जात. पगार आला का, एवढंच पाहायला. त्यांचं खातं दुसऱ्या बँकेत होतं आणि ती शाखा गावाच्या पार पलीकडच्या टोकाला. हे मशीन जवळ म्हणून हेच त्यांचं.

त्यांना वाचता येत नव्हतं. एटीएमवर सुखदेव नावाचा पहारेकरी असे. चाळिशीचा, हडकुळा, पहारेकरी पुरवणाऱ्या ठेकेदारानं दिलेला गणवेश खांद्यावरून ओघळलेला. तो बटणं दाबून देई. आपले चार गुप्त आकडे वच्छलाबाई एवढ्या मोठ्यानं सांगत, की रस्त्याच्या अलीकडे मलाही ऐकू येत.

एकदा त्या दुकानात येऊन उत्तमभाऊंसमोर म्हणाल्या, "भाऊ, माह्या पगारातून कोणीतरी चिमटा घेऊन राह्यलं. काढते मी एकदाच, अन् उरते दरवेळी कमीच."

उत्तमभाऊंनी विचारलं, "आकडे कोणाकोणाले माहीत हायत?"

"सुखदेवले. अजून कोणाले राहीन?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून उत्तमभाऊ माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसू लागले. हातात छोटी वही. आठ दिवस त्यांनी समोरच्या काचेच्या दारावरची नजर काढली नाही. गिऱ्हाइकांना वाटे, हे माझ्याकडे कामाला लागले. रोज उठताना ते मला त्या दिवसाची नोंद वाचून दाखवत. "सकाळी बुढीसंग आत गेला. दार लावून घेतलं." "आज चिठ्ठी निघाली, त्यानं वाचली अन् फाडली." आणि चौथ्या की पाचव्या दिवशी, आवाज खाली आणून, "आज तिले दारातच अडवलं. आत जाऊ देईना. हातवारे करून परत धाडत होता. खातं पाहू देत नाही, ताई. काऊन?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझीही खात्री पटली. आठव्या दिवशी त्यांनी एटीएमच्या बँकेला द्यायची तक्रार सांगितली, मी टाइप केली. त्यांच्या बोलण्यात सगळं मागेपुढे होतं. मी ते नीट लावलं, चार मुद्द्यांत. एक, पहारेकरी ग्राहकासोबत आत जातो. दोन, गुप्त क्रमांक त्याला माहीत आहे. तीन, खातेदारास खाते पाहण्यापासून रोखतो. चार, खात्यातील रक्कम दरमहा कमी होते. तशीच पसरट राहिली असती तर ती तक्रार कुणी कदाचित वाचलीही नसती. माझ्या चार मुद्द्यांमुळे वाचली गेली, हे मी विसरत नाही.

पंधरवड्याच्या आत समोरची पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी झाली.

सुखदेव दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत घडी केलेला गणवेश. ठेकेदाराला परत करायला निघाला होता. उत्तमभाऊ स्टुलावरच होते.

"ताई, तुम्हीच टाइप केलं ना?"

मी हो म्हटलं.

"त्यायनं माह्या अनुभवाच्या कागदावर लिहिलं, तक्रारीवरून कमी केला. आता दुसऱ्याच्या फाटकावर मले कोण उभं करीन?" मग तो उत्तमभाऊंकडे वळला. "साहेब, म्या काय घेतलं बुढीचं?"

उत्तमभाऊ म्हणाले, "ते तुले माहीत अन् तुह्या मशीनले माहीत."

"मंग मशीनलेच विचारा," तो म्हणाला आणि गेला. जाताना दार त्यानं अगदी हळू लावलं. ते मला फार लागलं.

पुढच्या महिन्यात वच्छलाबाई पुन्हा आल्या. आता बटणं रांगेतलं कुणीही दाबून देई, तरी चिमटा चालूच होता.

मग मी केलं ते, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्यांना रिक्षात घालून त्यांच्या बँकेत नेलं आणि पासबुक छापून आणलं. वर्षानुवर्षं छापलेलं नव्हतं. दुकानात उत्तमभाऊंसमोर बसून, फूटपट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. अनुदान जमा. पैसे काढले. आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी अक्षरांचे तुटक संक्षेप, पुढे छोट्या छोट्या रकमा. त्या रकमा एटीएमच्या वापराच्या होत्या. दुसऱ्या बँकेचं मशीन महिन्यातून ठरलेल्या वेळाच फुकट वापरता येतं. त्यानंतर प्रत्येक वेळेला पैसे, आणि नुसती शिल्लक पाहणं हीसुद्धा एक वेळ. वच्छलाबाई रोज पाहत होत्या. पगार आला का ते पाहण्यात पगार जात होता.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा वच्छलाबाई सहज म्हणाल्या, "हाव, सुखदेव सांगे तसं. मावशी, रोज नका येत जाऊ, पाहाचेही पैसे कापते मशीन. कधी कधी तर दारातूनच हाकले मले."

उत्तमभाऊंनी वहीवरून नजर उचलली. "मंग हे तुम्ही आम्हाले सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं, मस्करी करते. पाहाचे कुठं पैसे लागते का भाऊ?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. उत्तमभाऊंनी वहीतलं ते पान उघडलं, अडवलं म्हणून लिहिलेलं. त्यावर अंगठा ठेवला. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते घरीही फार कुणाला माहीत नव्हतं.

नोकरीत असताना एकदा नांदुऱ्याच्या अलीकडे त्यांच्या गाडीवर तपासणी पथक चढलं. पेटीतली रोकड मोजली, तर अकरा रुपये जास्त. कमी भरले तर खिशातून भरता येतात. जास्त निघाले तर सरळ अर्थ लावतात, की पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही. ते अकरा रुपये होते एका म्हातारीचे. सुटे नव्हते म्हणून त्यांनी तिच्या तिकिटामागे बाकी लिहून दिली होती आणि ती विसरून मधल्याच थांब्यावर उतरली होती. तिकीट तिच्या कनवटीला, पैसे यांच्या पेटीत. चौकशी मिटेपर्यंत ते घरी बसून होते. शेवटी निर्दोष ठरले. "पण तोवर अख्ख्या डेपोनं ठरवलं होतं ताई, का उत्तम खंडारे खाते."

मग म्हणाले, "त्याच्या जागी मीच होतो. अन् पथकही मीच."

त्यांनी चौकटीवर ठोकलं नाही. तसेच गेले. तीन दिवस आले नाहीत.

चौथ्या दिवशी आले ते दोन कामं घेऊन. मी दोन्ही वहीत लिहून घेतली. सुखदेवचं नाव साफ करायचं. आणि कायदा करायचा.

पहिल्या कामासाठी तक्रार मागे घेतल्याचं पत्र टाइप केलं. त्यात "गैरसमजातून" असा शब्द मी घातला होता, तो त्यांनी खोडायला लावला. "गैरसमज दोघायचा असते. हे माह्यं एकट्याचं हाय. माझी चूक, असं लिहा." ते पत्र घेऊन ते स्वतः ठेकेदाराच्या कचेरीत गेले. तिथला माणूस म्हणाला, तक्रार मागे घ्या की पुढे न्या, पहारेकरी आम्ही कमीच करणार होतो, आता कॅमेरा आहे. परत आले तेव्हा उत्तमभाऊंच्या डोळ्यांत जुना संशय जागा झाला होता. "म्हणजे त्यायले माणूस काढाचाच होता. बहाणा माह्या हातून लिहून घेतला." हे खरं की त्यांच्या मनाचा खेळ, मला आजही सांगता येत नाही. पण सुखदेवच्या कागदावरची ओळ काही खोडली गेली नाही.

दुसरं काम कायद्याचं. मसुदा त्यांनी पाठपोट कागदावर आणला होता. कलमं चार. मशीननं पैसे कापण्याआधी किती कापणार ते पडद्यावर मराठीत सांगावं आणि नको म्हणायला बटण द्यावं. नुसतं पाहण्याचे पैसे घेऊ नयेत. मशीन रिकामं किंवा बंद असेल तर त्या फेरीचं भाडं नाही. आणि भाड्याला टप्पा असावा, त्याच्या वर एक पैसा नाही, तो टप्पा दारावर रंगानं लिहावा.

टप्प्याची कमाल मर्यादा वरून ठरलेली असते, हे मी त्यांना वाचून सांगितलं. त्यांनी विचारलं, "ठरवते कोण? त्याच्या पगारातून कधी कापले का? अन् ठरली हाय, तर मशीनवर लिहाले काय होते?"

मसुद्याच्या वर त्यांनी एक परिच्छेद लिहिला होता. मी म्हटलं, निवेदनात खाजगी गोष्ट नको, लोक वाचत नाहीत. ते हटून बसले. परिच्छेद असा होता: "बसमध्ये भाडेपत्रक नसले तर प्रवासी कंडक्टरला चोर म्हणतात. मशीन बोलत नाही, म्हणून जवळ उभा असलेला माणूस चोर ठरतो. असा एक माणूस मी स्वतः ठरवला. त्याचे नाव सुखदेव. त्याने काही घेतलेले नाही." मी शुद्धलेखन तेवढं पाहिलं. बाकी हात लावला नाही.

एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात निवेदन द्यायला ते सुखदेवला बळेच सोबत घेऊन गेले. सुखदेव यायला तयार नव्हता. त्याला वाटलं, यात आता नवीन काहीतरी डाव आहे. त्यात नवल नव्हतं. मलाही त्याच बाजूला टपालाचं काम होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर होते. कार्यालयातल्या कारकुनानं कागद चाळला आणि म्हणाला, "काका, हे दिल्लीचं काम आहे. आपल्या हातात नाही."

"दिल्लीची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते तरी सांगा."

कारकून हसला. "ठेवून जा. पाठवतो."

"पोच द्या."

"निवेदनाला कसली पोच काका?"

"साहेब, म्या तीस वर्षं एक रुपया घेतला तरी कागद देला. तुम्ही तर माह्यावाला कायदा घेऊन राह्यले."

शिक्का मिळाला. पुढे कधीतरी दोन ओळींचं उत्तरही आलं, की आपलं निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवलं आहे. त्यांनी ते उजेडासमोर धरून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. "म्हणजे गाडी निघाली," म्हणाले, "पण तिच्यावर कोणत्या गावाची फळी लावली ते नाही कळलं." ती प्रत माझ्या फायलीत आहे. समोरच्या मशीनच्या दारावर अजून काही रंगवलेलं नाही.

उत्तर येण्याची वाट पाहण्याचा काळ त्यांनी दुसऱ्या उद्योगात घातला. रोज सकाळी ते सुखदेवच्या रिकाम्या जागी, एटीएमच्या पायरीपाशी उभे राहत. आत जाणाऱ्याला विचारत, "काढाचे का नुसतं पाहाचं?" पाहायचं म्हणणाऱ्याला ते नियम सांगत, आणि त्याला जोडून पुढचं वाक्य कधी चुकवत नसत. "इथला पहारेकरी हेच सांगे. चांगला माणूस होता, माह्यामुळं गेला." लोक वैतागत. एकानं तर यांच्यावरच संशय घेतला आणि पोलिसांना बोलावीन म्हणाला. उत्तमभाऊंना तो माणूस फार आवडला. "आकडे झाकून दाबत होता," मला कौतुकानं सांगितलं.

वच्छलाबाईंनी रोज जाणं सोडलं. आता त्या रोज माझ्याकडे येऊन विचारतात, आणि मी त्यांच्या बँकेच्या नंबरावर त्यांच्या मोबाइलवरून मिस्ड कॉल देऊन सांगते. तरी त्या म्हणतातच, "याचे तर नाही ना कापत?"

सुखदेवला काम मिळालं ते शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. कापसाचा हंगाम सुरू होत होता आणि फाटकावर माणूस हवा होता. उत्तमभाऊ त्याला घेऊन गेले. मालकानं कागद पाहिला, तक्रारीची ओळ पाहिली आणि मान हलवली. मग उत्तमभाऊ काय बोलले ते सुखदेवनं मला पुढे शब्दाशब्दानं सांगितलं.

"ते तक्रार म्याच केली होती. आठ दिवस याच्यावर डोळा ठेवला. पासबुक ओळीओळीनं तपासलं. एक पैसा निघाला नाही. तुमच्या इथं बाकी जे माणसं हायत, त्यायची अशी तपासणी झाली का? नाही ना? मंग हाच एक तपासलेला हाय."

मालकानं सुखदेवला त्याच दिवशी ठेवलं.

त्यानंतर महिनाभरानं मी जिनिंगमध्ये बिलबुकं पोचवायला गेले. दुपारची वेळ. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत कापसाचे पांढरे तंतू. फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली उत्तमभाऊ उभे दिसले. हातात वही. नजर सुखदेववर.

जवळ जाऊन म्हटलं, "भाऊ, अजून संशय?"

"हाव."

"सुखदेववर?"

"त्याच्यावर कायले?" ते चिडलेच. "आज त्याचा पगार हाय. कबूल केला तेवढा देते का मालक, ते पाहाले आलो."

आम्ही दोघं थांबलो. गाड्या आत जात होत्या, ते ओठ हलवत मोजत होते. तेवढ्यात सुखदेव कचेरीतून बाहेर आला, फाटकापर्यंत आला आणि त्यानं हातातला कागद वर धरला. उत्तमभाऊ रस्ता ओलांडून गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चिठ्ठी वाचली, मागची बाजू पाहिली, नोटा त्यालाच मोजायला लावल्या. मग सुखदेवच्या खांद्याला हात लावावा असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण हात उचलला होता. तो खांद्यापर्यंत गेला नाही. बाजूला फाटकाचा पत्रा होता. त्यावर त्यांनी दोनदा ठोकलं.

हंगाम संपायच्या आत ते वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं, मोजत मोजत शहराकडे चालत जाताना.